गॅस फायरप्लेसभोवतीचा गार वारा: कुठून येतो आणि कसा अडवायचा

शिकागो, मिनियापोलिस, टोरोंटो किंवा न्यू जर्सीत नवं घर घेतलं की पहिल्या हिवाळ्यात हा प्रश्न पडतोच: घरात ज्या कोपऱ्याने ऊब द्यायची, तिथेच पाय का गारठतात? थर्मोस्टॅट ७० अंश फॅरनहाइट दाखवतो, सोफा फायरप्लेससमोर मांडलेला असतो, पण आग विझली की त्या भिंतीकडून गार हवेची धार पोटऱ्यांना लागायला सुरुवात होते. मग दुकानातून कॉक, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, आणि तो भरायची कॉकिंग गन येते आणि दिसेल ती फट बुजवली जाते. घोटाळा तिथेच होतो. फायरप्लेसला दोन तऱ्हेची भोकं असतात. काही आगीला श्वास घेता यावा म्हणून मुद्दाम ठेवलेली, आणि काही बांधकामात तशीच राहून गेलेली. पहिल्या भोकांना हात लावायचा नाही. दुसरं एकही सोडायचं नाही. त्यामुळे कॉक हातात घेण्याआधी बराच वेळ नुसतं बघण्यात घालवावा लागतो, आणि तो वेळ वाया जात नाही.

आपला फायरप्लेस कोणत्या प्रकारचा?

काचेच्या खालची जाळी उघडा. आत साखळीला अडकवलेली किंवा चिकटवलेली एक धातूची पट्टी असते. तिच्यावर मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक, नैसर्गिक गॅस की प्रोपेन आणि व्हेंटचा (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा) प्रकार छापलेला असतो. तिचा फोटो काढून ठेवा. पुस्तिका हरवली असेल तर याच क्रमांकावर उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळते, आणि पुढे लागणारे सुटे भागही याच क्रमांकावर मागवायचे असतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या घरांत बहुधा डायरेक्ट व्हेंट सापडेल. याची काच कायम बंद असते. नळीत नळी असलेल्या व्हेंटमधून, म्हणजे आतल्या नळीने धूर बाहेर आणि बाहेरच्या नळीने ताजी हवा आत, असा त्याचा कारभार चालतो. घराच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा छतावर धातूची टोपी दिसते. हा फायरप्लेस घरातली हवा जाळत नाही, म्हणून त्याच्या भोवतालच्या फटी निर्धास्तपणे बुजवता येतात. या लेखातला मोठा भाग त्याच्यासाठी आहे.

बी-व्हेंट दिसायला तसाच असतो, पण जळण्यासाठी लागणारी हवा खोलीतून घेतो आणि धूर आपल्या आपण वर चढेल या भरवशावर चालतो. पट्टीवर डायरेक्ट व्हेंट लिहिलेलं नसेल तर हा असू शकतो. त्याच्या खालच्या-वरच्या खाचा आणि काचेभोवतीच्या फटी बुजवणं म्हणजे धूर घरात ओढून घेणं.

तिसरा प्रकार जुन्या विटांच्या फायरप्लेसमध्ये बसवलेल्या गॅसच्या कृत्रिम ओंडक्यांचा. त्याची गोष्ट वेगळी, ती शेवटी सांगतो. चौथा, व्हेंटच नसलेला. त्याला बाहेर जाणारी नळी नसल्याने त्यातून वारा येत नाही. गार हवा लागतच असेल तर ती शेजारच्या भिंतीतून येते.

प्रकार नक्की कळला नाही तर इथेच थांबा आणि फायरप्लेसची वार्षिक तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. अमेरिकेत एनएफआयचं (नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचं) प्रमाणपत्र असलेला माणूस बघावा, ओंटारियोत गॅसचा परवाना असलेला.

वारा आत का ओढला जातो

गरम हवा वर चढते आणि माळ्याच्या झडपेतून, छतातल्या दिव्यांभोवतीच्या फटींतून निसटते. जेवढी हवा वरून गेली तेवढी खालून आत यायलाच हवी, आणि ती यायला सर्वांत सोपी वाट म्हणजे बाहेरच्या भिंतीतलं मोठं भोक. फायरप्लेस म्हणजे तसंच भोक. घर दुमजली असेल आणि बाहेर उणे २० सेल्सियस असेल तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून माळ्याच्या झडपेला फोमची पट्टी लावली तरी फायरप्लेसपाशी फरक जाणवतो. ते काम अर्ध्या तासाचं आहे, आधी ते उरका.

आपल्या घरांत याला एक भर पडते. फोडणीचा धूर जावा म्हणून बसवलेला जोरकस किचन हूड. असा हूड मिनिटाला ४०० घनफूट किंवा त्याहून जास्त हवा बाहेर फेकतो, आणि कपडे वाळवायचं यंत्र चालू असेल तर तेही शंभर-दोनशे घनफूट हवा ओढतं. ती सगळी हवा कुठून तरी आत येते. स्वयंपाक चालू असतानाच फायरप्लेसपाशी गारवा वाढतो का, हे मुद्दाम बघा. तसं होत असेल तर हूड चालू असताना स्वयंपाकघराची एक खिडकी बोटभर उघडा. अनेक ठिकाणच्या नियमांनुसार ४०० घनफुटांवरच्या हूडला बाहेरची हवा आत देणारी वेगळी सोय लागते. नव्या घरात ती केली आहे का, हे बिल्डरला विचारा.

गारव्याचे दोन प्रकार

डायरेक्ट व्हेंटची पेटी, म्हणजे आग जळते तो धातूचा डबा, आतून दोन्ही नळ्यांनी बाहेरच्या हवेला जोडलेली असते. आग आणि पायलट (आग पेटवणारी छोटी ज्योत) दोन्ही बंद असले की पेटीतलं तापमान जवळपास बाहेरच्याइतकं उतरतं, आणि ती एकेरी काच बर्फासारखी होते. खोलीतली हवा काचेला लागून गार होते, जड होते, खाली घसरते आणि जमिनीवरून पायांकडे येते. हा वारा कुठल्याच फटीतून आलेला नसतो, म्हणून कितीही कॉक लावला तरी थांबत नाही. पुष्कळ लोक इथेच कंटाळून हात टेकतात.

ओळखण्याची सोपी रीत: आग, पायलट सगळं बंद आणि थंड असताना काचेएवढा जाड पुठ्ठा कापून मास्किंग टेपने काचेच्या चौकटीवर चिकटवा, जाळ्या उघड्या राहू द्या. वीस मिनिटांनी पायांशी हात धरा. गारवा बराच कमी झाला तर काच दोषी. तसाच राहिला तर हवा खरोखर फटींतून येते आहे. बहुतेक घरांत दोन्ही थोडं-थोडं असतं. तपासणी झाल्यावर पुठ्ठा लगेच काढा, तो तिथे विसरून चालणार नाही.

तपासणीची तयारी

आधी वास घ्या. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, घराबाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला किंवा ९११ ला फोन करा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणून प्रोपेनच्या घरात वाकून, खाली नाक नेऊन वास घ्यायचा.

वास नसेल तर आग बंद करा. सतत जळणाऱ्या पायलटचा असेल तर गोल नॉब 'ऑफ' वर न्या. ठिणगीवर पेटणारा असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा, रिमोट 'ऑटो' वर नाही याची खात्री करा आणि रिसीव्हरमधले सेल काढून ठेवा. नाहीतर थर्मोस्टॅटच्या हुकमावरून तो तुमचा हात आत असताना पेटेल. गॅसच्या नळीवरची झडप माहीत असू द्या: दांडी नळीला आडवी असली की गॅस बंद. काच पूर्ण थंड व्हायला तास लागतो. घरात लहान मुलं असतील तर काचेपुढची संरक्षक जाळी कामापुरतीच काढायची.

तपासणीला थंड आणि वाऱ्याचा दिवस निवडा. खिडक्या बंद करा, बाथरूमचे पंखे आणि किचन हूड चालू करा, म्हणजे घर हवा जोरात ओढेल आणि फटी आपणहून बोलतील. त्याआधी एक काळजी घ्या: धूर आपोआप वर चढेल अशा जुन्या पद्धतीचा पाण्याचा बंब किंवा घर तापवणारी भट्टी घरात असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर त्यांचाच धूर घरात ओढला जाईल.

आता देवघरातली उदबत्ती घ्या. यासाठी त्याहून चांगलं साधन विकत मिळत नाही. धूर सरळ वर जाऊ द्या आणि बत्ती हळूहळू, सेकंदाला दोन इंच या गतीने फिरवा. धूर वाकला, तुटला किंवा उलटा फिरला की तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा: जोरात असेल तर दोन तुकडे, मंद असेल तर एक. मात्र खालच्या जाळीमागच्या कप्प्यात, जिथे गॅसचा व्हॉल्व असतो, तिथे उदबत्ती नेऊ नका. तिथे टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी धरा, तीही तेवढीच बोलकी असते.

फिरायचा मार्ग असा: पेटीची धातूची कड आणि दगड किंवा टाइल यांच्यामधली रेघ, चारही बाजूंनी. मग खालचा कप्पा, जिथून गॅसची नळी आणि विजेची तार आत येते. मग मँटेलची (फायरप्लेसवरच्या फळीची) खालची बाजू, दगड आणि ड्रायवॉलचा (भिंतीच्या जिप्समच्या तक्त्याचा) सांधा, दोन्ही बाजूंची बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याची पट्टी). वर टीव्ही टांगलेला असेल तर त्यामागचा विजेचा पॉइंट आणि तारांसाठी पाडलेली भोकं कधीच विसरू नका. तीच भिंत फायरप्लेसच्या मागच्या पोकळीशी जोडलेली असते, आणि टीव्हीमागच्या भोकातून येणारा वारा लोक वर्षानुवर्षं फायरप्लेसचा समजतात.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर भिंतीवरून फिरवा. ड्रायवॉलचा एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा ८-१० फॅरनहाइटने गार दिसला तर त्यामागे इन्सुलेशन नाही किंवा हवा फिरते आहे. चकचकीत धातूवर हे यंत्र फसतं. तिथे मास्किंग टेप चिकटवून टेपवर मोजा.

कुठे काय लावायचं

साहित्याची निवड चुकली की काम उलटतं, म्हणून यावर थोडं थांबतो.

बाजारातला डब्यातून फवारायचा पिवळसर फोम पेटीजवळ अजिबात नको, तो पेट घेतो. नारिंगी रंगाचा 'फायरब्लॉक' फोम बघून लोक फसतात. तो भिंतीच्या चौकटीतल्या भोकांमधून आग पसरायला उशीर लागावा म्हणून असतो, उष्णता सोसण्यासाठी नाही. डब्यावर सोसण्याची मर्यादा साधारण २४० फॅरनहाइट लिहिलेली असते. पेटीला किंवा व्हेंटच्या नळीला तो लागता कामा नये.

पेटीच्या कडेला आणि गॅसच्या नळीच्या भोकाला सतत ३०० फॅरनहाइट, म्हणजे १४९ सेल्सियस, सोसणारा सीलंट हवा. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत हाच आकडा दिलेला असतो. उच्च तापमानाचं सिलिकॉन यात बसतं. ट्यूबवर दोन आकडे असतात, थोडा वेळ सोसण्याचा आणि सतत सोसण्याचा. सतत वाला बघायचा.

मोठ्या भोकासाठी मिनरल वूल, म्हणजे दगडापासून काढलेली लोकर. ती जळत नाही. कागद चिकटवलेली नको, नुसती हवी. बेसबोर्ड, मँटेल आणि ड्रायवॉलच्या सांध्यांसाठी मात्र रंगवता येणारं साधं ॲक्रिलिक कॉक चालतं, कारण तिथे उष्णता पोचत नाही. नक्की कुठे पोचते हे माहीत नसेल तर आग तासभर पेटवून ठेवा आणि जागा थर्मामीटरने मोजा. १२० फॅरनहाइटच्या वर गेली तर तिथेही उच्च तापमानाचाच सीलंट लावा.

एका ट्यूबमध्ये साधारण ३०० मिलीलिटर माल असतो. सहा मिलीमीटर जाडीची रेघ ओढली तर दहा मीटर पुरतो. ३६ इंची फायरप्लेसची पूर्ण कड चार मीटरच्या आतच असते, म्हणजे एक ट्यूब बास. त्याबरोबर मिनरल वूलची एक लहान गादी (बॅट), मास्किंग टेप, हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क. लोकरीचे धागे घशात जातात.

गॅसच्या नळीचं भोक

सुरुवात इथून करा, कारण मेहनत सर्वांत कमी आणि फरक सर्वांत जास्त. पेटीच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला दीड-दोन इंचांचं भोक असतं आणि त्यातून अर्ध्या इंचाची नळी येते. उरलेली जागा थेट मागच्या थंड पोकळीत उघडते. थंडीच्या दिवसात या भोकासमोर हात धरला तर फ्रिज उघडल्यासारखं वाटतं.

लोकरीचा लिंबाएवढा गोळा फाडून घ्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने नळीभोवती हलकेच सारा. कच्च दाबली तर तिच्यातली हवा निघून जाते आणि ती गारवा अडवत नाही. तिच्यावर सीलंटची एक गोल रेघ ओढा, ओल्या बोटाने दाबून बसवा. नळी हलवू नका, वाकवू नका. नळीचे सांधे आणि नट सीलंटखाली झाकू नका: गॅस गळतो का हे साबणाच्या पाण्याने तपासायचं असतं, आणि त्यासाठी सांधा उघडा लागतो. चुकून नळी हललीच तर काम झाल्यावर सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा आणि गॅस चालू करून बुडबुडे येतात का बघा. बुडबुडा दिसला तर झडप बंद आणि गॅसच्या माणसाला फोन.

विजेच्या तारेचं भोकही तसंच बंद करा, पण आधी ब्रेकर पाडून.

पेटीची कड

पेटीच्या धातूची कड आणि दगड यांच्यामधली फट सहसा सजावटीच्या चौकटीमागे लपलेली असते. चौकट बहुधा चुंबकाने किंवा दोन-चार स्क्रूंनी धरलेली असते, ती उतरवा. फट सहा मिलीमीटरपर्यंत असेल तर थेट सीलंट. त्याहून रुंद असेल तर आधी मिनरल वूलची वात किंवा काचतंतूची दोरी सारा. खिडक्यांसाठी मिळणारी फोमची दोरी इथे वितळेल. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा, ओलं असतानाच टेप काढा. पूर्ण वाळायला चोवीस तास द्या. तोवर आग पेटवायची नाही.

खाली आणि वर ज्या लांबट खाचा दिसतात, त्यांतून खोलीची हवा पेटीभोवती फिरते आणि तापून बाहेर येते. त्या फटी नव्हेत. त्या बंद केल्या तर पेटी तापेल, व्हॉल्व आणि तारा भाजतील. वरच्या खाचेवर सीलंटचा थेंबही जाऊ देऊ नका.

टीव्हीमागच्या आणि शेजारच्या विजेच्या पॉइंटांना प्लेटमागे फोमची तयार गॅस्केट (सांधा घट्ट करणारी पट्टी) बसवा. तारांच्या भोकात फायरब्लॉक कॉक भरा.

काच आणि तिची गॅस्केट

उदबत्तीचा धूर काचेच्या कडेलाच वाकत असेल तर काचेमागची काचतंतूची गॅस्केट दबली किंवा सुटली आहे, किंवा काच धरणारे स्प्रिंगचे आकडे ढिले आहेत. हा दोष गारव्यापुरता नाही. जिथून गार हवा आत येते तिथून धूरही येऊ शकतो, म्हणून गॅस्केट दुरुस्त होईपर्यंत आग पेटवू नका.

काच काढताना दोन्ही हात मोकळे ठेवा. बहुतेक मॉडेलमध्ये खालचे दोन आकडे सोडवले की काच पुढे येते आणि वरच्या कडेला लटकलेली असते. ती वर उचलून काढायची आणि घोंगडीवर आडवी ठेवायची. काचेवर पांढुरका थर असेल तर फायरप्लेसच्या काचेसाठीचाच क्लीनर वापरा. अमोनिया असलेल्या द्रवाने तो डाग काचेत कायमचा बसतो. गॅस्केट मॉडेल क्रमांक देऊन उत्पादकाचीच मागवा. तिच्या जागी सिलिकॉन भरणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. दाब वाढला तर काच थोडी सरकून दाब मोकळा करते अशी तिची रचना असते. सिलिकॉनने चिकटवलेली काच तसं करू शकत नाही.

भिंतीमागची थंड पोकळी

एवढं सगळं करूनही दगडाच्या भिंती गारच लागत असतील तर दुखणं मागे आहे. फायरप्लेस ज्या लाकडी खोक्यात बसवतात ते अनेकदा घराच्या भिंतीबाहेर पुढे आलेलं असतं. त्याच्या आत इन्सुलेशन घातलेलं नसतं, किंवा घातलेलं असलं तरी वर ड्रायवॉल ठोकलेली नसते. उघड्या इन्सुलेशनमधून वारा सरळ आरपार जातो, स्वेटरवर विंडचीटर नसल्यासारखं.

नवं घर बांधून घेत असाल तर हीच सुवर्णसंधी. ड्रायवॉल लावण्याआधी बिल्डर एक फेरी दाखवतो. त्या दिवशी खोक्यात टॉर्च मारून बघा: बाहेरच्या तिन्ही भिंतींत इन्सुलेशन आहे का (दोन बाय चार इंची लाकडाच्या चौकटीत आर-१३ ते १५, दोन बाय सहाच्या चौकटीत आर-१९ ते २१; आर म्हणजे इन्सुलेशन उष्णता किती अडवतं त्याचं माप), त्यावर ड्रायवॉल किंवा ओएसबीचा (लाकडाच्या चपट्या दाबून केलेला) तक्ता बसवून सांधे बंद केलेत का, खोक्याच्या तळाला आणि छताला हवा अडवणारा थर आहे का, आणि व्हेंटची नळी भिंत किंवा मजला ओलांडते तिथे आग पुढे पसरू न देणारा पत्रा (फायरस्टॉप) आहे का. फोटो काढा, ईमेलने विचारा, लेखी उत्तर घ्या. पेटी बसली की हे काम करायला भिंत फोडावी लागते.

बांधलेल्या घरात खोकं जमिनीपासून अधांतरी असेल तर बाहेर जाऊन त्याच्या पोटाखाली बघा. तिथला प्लायवुड सोडवून आत मिनरल वूल बसवायची, ती वरच्या फळीला टेकेल अशी, मधे पोकळी न ठेवता. खाली दोन इंची फोमचा कडक तक्ता, कडांना सीलंट, आणि पुन्हा प्लायवुड. हे एका दिवसात होतं आणि जमिनीचा गारवा स्पष्ट कमी होतो.

खोक्याच्या वरच्या भागात मात्र स्वतः हात घालू नये. आत व्हेंटची गरम नळी असते आणि तिच्याभोवती पुस्तिकेत दिलेलं अंतर, बहुतेकदा कमीत कमी एक इंच, रिकामं राहावंच लागतं. माळ्यावरून सुटं इन्सुलेशन फुंकून खोकं भरणं हा आग लागण्याचा सरळ रस्ता आहे. कुणी कंत्राटदार तसं सुचवत असेल तर त्याला नाही म्हणा.

बाहेरची टोपी

बाहेर जाऊन टोपीची चौकोनी पट्टी भिंतीला जिथे टेकते तिथली रेघ बघा. तिथलं कॉक वाळून तडकलं असेल तर खरवडून नवं, बाहेरच्या कामाचं, उष्णता सोसणारं सीलंट वरच्या आणि दोन बाजूंच्या कडेला लावा. खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. टोपीच्या जाळीला काहीही लावायचं नाही, आणि बर्फ पडल्यावर ती मोकळी आहे ना हे रोज बघायचं.

काचेच्या गारव्यावर उपाय

काच दोषी निघाली तर दोन मार्ग आहेत. पहिला, पायलट हिवाळाभर चालू ठेवणं. ठिणगीवाल्या अनेक मॉडेलमध्ये थंड हवामानासाठी पायलट सतत जळता ठेवण्याची सोय असते, एक छोटं बटण किंवा रिमोटवरचा पर्याय. पायलट तासाला साधारण ६०० ते १००० बीटीयू (उष्णतेचं एकक) जाळतो, म्हणजे महिन्याला चार ते सात थर्म गॅस (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू). बिलावरचा थर्मचा दर बघून तुम्हीच गणित करा. कडाक्याच्या थंडीत हा खर्च योग्य आहे असं आमचं मत आहे: काच कोमट राहते, व्हेंटमध्ये ओढ तयार असते आणि आग पहिल्या फटक्यात लागते. मार्चनंतर मात्र बंद करा.

दुसरा मार्ग आच्छादनाचा. चुंबकाने चिकटणारी चादर किंवा इन्सुलेशन भरलेलं झाकण दर्शनी भागावर लावायचं. हे फक्त आग आणि पायलट दोन्ही बंद असतील तरच. झाकण लावलं की भिंतीवरच्या बटणावर जाड अक्षरात कागद चिकटवा, रिमोटचे सेल काढा आणि घरातल्या आजी-आजोबांसकट सगळ्यांना सांगा. भारतातून पाहुणे आले की ऊब मिळावी म्हणून तेच आधी बटण दाबतात.

विटांचं जुनं धुराडं आणि गॅसचे ओंडके

इथे धुराड्यातली झडप पूर्ण बंद होऊ नये म्हणून तिला मुद्दाम क्लॅम्प लावलेला असतो. तो काढायचा नाही, कारण पायलटच्या धुराचा किंवा गळलेल्या गॅसचा बाहेर जायचा मार्ग तोच आहे. त्यामुळे धुराड्यातून गार हवा उतरणारच. काचेची घट्ट दारं बसवून आग नसताना ती लावून ठेवणं हा मधला उपाय. ओंडके पेटवताना दारं पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उघडी ठेवायची. ओंडके वापरतच नसाल तर गॅसची नळी परवानाधारकाकडून कायमची बंद करून घ्या, मग धुराड्यात फुगवता येणारा फुगा किंवा इन्सुलेशनचा बोळा बसवता येतो. वापरायचं असेल तर खरा उपाय म्हणजे त्याच जागेत डायरेक्ट व्हेंटचा इन्सर्ट, म्हणजे जुन्या पोकळीत सारून बसवायचा तयार फायरप्लेस. धुराड्यातून दोन लवचिक नळ्या वर जातात आणि झडपेच्या जागी पत्रा ठोकून त्यावर मिनरल वूल भरतात. इन्सर्ट लावून हा पत्रा न बसवणारे बरेच असतात आणि गारवा तसाच राहतो. कोटेशन घेतानाच त्यात पत्रा आहे का ते विचारा.

पुन्हा पेटवताना

चोवीस तासांनी मास्किंग टेपचे सगळे तुकडे काढा, कप्प्यात चिंध्या, लोकर, हत्यारं राहिली नाहीत ना बघा, काच आकड्यांत घट्ट बसली आहे ना दाबून पाहा. खिडकी उघडून आग पेटवा. पहिला अर्धा तास सीलंटचा वास येईल, तो जातो. काचेवर सुरुवातीला पाण्याचे थेंब आले तर काळजी नको, पाच-दहा मिनिटांत सुकतात. काचेवर काळी काजळी धरत असेल, ज्योत आळसटल्यासारखी डुलत असेल किंवा पायलट वारंवार विझत असेल तर बंद करा आणि तंत्रज्ञाला बोलवा.

घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. तो पाच ते दहा वर्षांनी निकामी होतो, मागे छापलेली तारीख बघा. साधा अलार्म ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) पातळीवरही तासाभराने ते चार तासांत वाजतो, म्हणून तो वाजला नाही एवढ्यावर भरवसा ठेवू नका. बी-व्हेंटच्या घरात हूड चालू ठेवून आग पेटवायची नाही, आणि घर घट्ट केल्यावर तंत्रज्ञाकडून धूर नीट वर जातो का ते एकदा तपासून घ्यायचंच.

शेवटी, पंखे आणि हूड चालू करून उदबत्तीची तीच फेरी पुन्हा मारा. त्याआधी आग, पायलट आणि जुना बंब पहिल्यासारखेच बंद. जिथे टेपचे दोन तुकडे होते तिथे धूर आता सरळ वर जायला हवा. अजून वाकत असेल तर तिथे सीलंटची रेघ तुटली आहे; वारा यायला अर्ध्या इंचाची तूटही पुरते.